आमच्या घरात डफडं नव्हतं

आमच्या घरात कोणी ताटावर बोटं वाजवली तर बाबा जेवण थांबवायचे. रागवायचे नाहीत. बोटं थांबेपर्यंत नुसते माझ्या हाताकडे बघत राहायचे आणि मग पुढचा घास घ्यायचे. इतरांच्या घरी ताट वाजवलं की अन्नाचा अपमान होतो म्हणतात. आमच्याकडचं कारण वेगळं होतं, आणि ते मला आईने सांगितलं, मी शाळेत असताना.

माझा आजा गावात डफडं वाजवायचा. हौस म्हणून नाही, ते आमच्या वाट्याला आलेलं गावकीचं काम होतं. पोळ्याला बैलांपुढे, लग्नात वरातीपुढे, आणि कोणी मेलं की तिरडीपुढे. बोलावलं की जायचं, सांगतील तिथे उभं राहायचं, वाजवून झालं की दाराबाहेर थांबायचं आणि वरून टाकतील ते पदरात घ्यायचं. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीने ठरवलं की हे बंद. ठरवणं सोपं होतं. प्रत्यक्ष नाही म्हणायची पहिली पाळी मात्र आज्यावर आली. गावातला एक मोठा माणूस गेला, बोलावणं आलं, आणि आज्याने निरोप पाठवला की मी येत नाही. त्यानंतर कितीतरी महिने गावच्या चक्कीवर आमच्या वस्तीचं दळण घेतलं नाही, वावरात कोणाला काम दिलं नाही. बाबा तेव्हा अगदी लहान. त्यांना एवढंच आठवतं की डफड्याचं कातडं ताठ व्हावं म्हणून ते जाळावर शेकायचे. एका सकाळी आज्याने ते शेकायला धरलं आणि जाळातच सोडून दिलं. घरभर कातड्याचा वास झाला. लाकडाचं कडं बराच वेळ जळत होतं. आजीने त्याच जाळावर पाणी तापवून लेकरांना आंघोळी घातल्या.

अशा घरात मी ड्रमर झालो.

अमरावतीला कॉलेजात होतो तेव्हा खोलीतल्या एका पोराने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. पहिल्यांदा वाटलं, मळणीयंत्रात दगड गेला. गिटारींचा नुसता खरखराट, आणि त्यात कोणीतरी घसा फाटेपर्यंत ओरडत होता. मी हेडफोन काढणारच होतो, तेवढ्यात त्या सगळ्या गदारोळाच्या तळाशी मला ड्रम ऐकू आले. वर काहीही चाललेलं असो, तो माणूस खाली शांतपणे आपलं काम करत होता. दोन्ही पाय, दोन्ही हात, चारही वेगवेगळं बोलत होते आणि तरी एकमेकांना सोडत नव्हते. मी ते गाणं पुन्हा लावलं. त्या वर्षी मी अभ्यास सोडून बाकी काहीच केलं नाही असं आईला वाटत होतं. मी गॅदरिंगला येणाऱ्या एका ऑर्केस्ट्राच्या ड्रमवाल्याच्या घरी जाऊन बसत होतो. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि त्याचा जुना सेट मी टेम्पोत घालून घरी, आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला आणला.

बाबा वीज कंपनीत लाइनमन होते. तालुक्यातल्या कुठल्या डीपीचा, ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीचा, फ्यूज कधी उडेल हे त्यांना तोंडपाठ. ते ड्यूटीवरून आले तेव्हा मी अंगणात ड्रम मांडत होतो. सायकल भिंतीला लावून ते बराच वेळ बघत उभे राहिले.

"हे काय हाये?"

"ड्रम हायेत बाबा. इंग्रजी बाजा."

"कोठी वाजवतात?"

"स्टेजवर."

"उभं राहून का बसून?"

"बसून. हे पाहा, स्टूल हाये त्याचं."

त्यांनी ते गोल स्टूल हाताने फिरवून पाहिलं, वर दाब देऊन पाहिलं. मग चपला काढून घरात जाता जाता म्हणाले, "बसून वाजवतात तं ठीक हाये. पण मनात असन तवाच वाजवजो. कोणी बोलावलं म्हणून नाही."

परवानगी मिळाली ती एवढीच. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मागच्या टिनाच्या शेडमध्ये स्वतः वायरिंग करून एक पंखा लावून दिला.

मी वाशीमला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागलो. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, संध्याकाळी मालेगावला परत. बसस्टँडसमोर एक मोबाइलचं दुकान होतं. दुकानदार किन्हीराजा गावचा, माझ्याच वयाचा. एकदा मी फोनची काच बदलायला गेलो तर त्याच्या दुकानात हळू आवाजात तेच खरखराटाचं, ओरडण्याचं मेटल वाजत होतं. मालेगावच्या स्टँडवर! मी म्हटलं, हे कोण ऐकते? तो म्हणाला, मीच ऐकतो, गिऱ्हाईक आलं की बंद करतो. तो बास गिटार वाजवायचा. त्याच्याच ओळखीने तिसरा भेटला, रिठद गावचा. गिटार वाजवणारा, गाणारा, आणि गाणी रचणारा. त्यांच्याकडे चांगली शेती होती, विहिरीला बारमाही पाणी होतं, आणि वावरात पक्कं गोदाम होतं. त्या गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीपुढे, आम्ही दर रविवारी वाजवायला लागलो. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हा शोध त्याचा.

ते दिवस चांगले होते. नंतर जे झालं त्यामुळे ते वाईट होते असं मला म्हणता येत नाही, आणि म्हणता येत नाही याचाच जास्त त्रास होतो. गिटारवाल्याकडे कान होता. त्याला जोरात वाजवायची घाई नव्हती. त्याची गाणी लांबलचक, संथ. आधी नुसता वारा, मग लांबून एखादा सूर, मग हळूहळू आभाळ भरून यावं तशा गिटारी. मधेच तो आपल्या भागातलं काहीतरी ठेवून द्यायचा. त्याच्या आईने भुलाबाईचं गाणं म्हटलं ते त्याने फोनवर घेतलं आणि त्याच्याखाली इतकी जड गिटार लावली की ती हसतखेळत म्हटलेली ओळ ऐकून अंगावर काटा यायचा. पोळ्याला तोरणाखाली पोरं झडत्या म्हणतात, त्यांचा गलका त्याने दुसऱ्या गाण्यात घातला. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या घातल्या. मला हे सगळं आवडलं. हा आपलाच मुलूख असा कोणी ऐकवला नव्हता.

आणखी एक होतं. मालेगावात, वाशीमला, लॅबमध्ये, कुठेही नवा माणूस भेटला की तो आडनाव विचारतो. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतो, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारतो. गोदामात तसं कोणी विचारलं नव्हतं. तिथे मी फक्त ड्रमवर बसणारा होतो. ताल चुकला तर शिवी, बरोबर आला तर "वा बे". मला वाटायचं, या संगीताची हीच गंमत आहे. एवढ्या आवाजात कोणाला कोणाची जात ऐकू येणार?

गिटारवाला आमच्या घरी नेहमी यायचा. आई त्याला स्वयंपाकघरातच पाट द्यायची. भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात. बाबांशी तो तासभर बोलत बसायचा. त्यांच्या वावरातली डीपी उडाली की बाबा कंपनीच्या यादीत नंबर नसतानाही जाऊन सुरू करून द्यायचे, पोरांची प्रॅक्टिस थांबू नये म्हणून. रिठदला आमचा चहा गोदामात यायचा, थर्मासमध्ये. त्याची आई स्वतः पाठवायची, बरोबर चिवडा असायचा. मी त्यांच्या घराच्या ओसरीपुढे कधी गेलो नाही. तसं कोणी म्हटलं नव्हतं. फक्त कधी प्रसंग आला नाही. इतक्या वर्षांत आला नाही.

मग अल्बमचं ठरलं. पुण्यात एक स्टुडिओ मिळाला. आम्ही रेल्वेने गेलो, मी लॅबमधून रजा काढली. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात आधी ड्रम घेतात, बाकीचं त्याच्यावर चढवतात, त्यामुळे पहिले दिवस माझे होते. काचेच्या आत मी एकटा, कानात तालाची टिकटिक, काचेपलीकडे ते दोघं आणि स्टुडिओचा इंजिनियर. मी आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं, आणि नंतरही वाजवलं नाही. एक मोठं गाणं संपल्यावर इंजिनियरने बटण दाबून नुसतं म्हटलं, "पुन्हा घ्यायची गरज नाही." बासवाला काचेपलीकडे लहान लेकरासारखा उड्या मारत होता.

शेवटचं गाणं मयतीचं होतं. वावरातून तिरडी चालली आहे, बांधाबांधाने, आणि जिवंत माणसं मागे राहत चालली आहेत, असं काहीतरी. ते सुरू करायच्या आधी गिटारवाला आत आला.

"इथं सुरुवातीले डफडं पायजे."

"मले नाही येत," मी म्हटलं.

तो हसला. "तुले नाही येत? तुह्या तं रक्तातच असन बे."

त्याने हे प्रेमाने म्हटलं. मला ते त्या क्षणी टोचलंसुद्धा नाही, मी नुसता दमलो होतो. म्हणून मी त्याला खाली जमिनीवर बसवलं आणि आज्याची सगळी हकीकत सांगितली. बोलावणं, नकार, चक्की, जाळ. तो ऐकताना हलला नाही. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय जबरदस्त हाये यार हे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "म्हणून नाही वाजवणार. मी टॉमवर काहीतरी करतो."

ड्रमसेटमध्ये बाजूला तीन पायांवर उभा जो मोठा ड्रम असतो, फ्लोअर टॉम, त्याचं कातडं मी सैल केलं, काड्यांना कापड गुंडाळलं आणि सुरुवात वाजवली. संथ, जड, मधेच एक ठोका गिळून टाकलेला. डफड्याचा ताल तो नव्हताच. मला तो माहीतही नव्हता. मी मनात काय धरलं होतं ते सांगतो: बाबा खांबावर चढताना बुटाच्या लोखंडी आकड्यांचा आवाज येतो, तो. वर जाताना एकेक पाय, मधे दम. सगळ्यांना आवडलं. विषय संपला असं मी समजलो.

परत आल्यावर गिटारी आणि गाणं पूर्ण व्हायला बरेच महिने गेले. एका सुट्टीच्या दुपारी मी बाजारातून भाजी घेऊन आलो तर घरापुढे गिटारवाल्याची मोटारसायकल उभी. आत गेलो. तो खुर्चीत बसला होता, बाबा खाटेवर, आणि दोघांच्या मधे स्टुलावर एक डफडं ठेवलेलं. कुठल्यातरी गावातून कोणाकडून तरी मागून आणलं होतं. शेजारी त्याचा रेकॉर्डर. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी.

"काका, एकदाच," तो म्हणत होता. "तुमी लहानपणी ऐकलं असन. हाताले आठवते. नुसते दोन-चार ठोके द्या. मी तुमचं नाव टाकतो अल्बमवर."

बाबा त्या डफड्याकडे बघत नव्हते. त्याच्याकडे बघत होते.

"तुले कायले पायजे ते?"

"गाण्यात पायजे काका. मयतीचं गाणं हाये."

"मंग तू वाजव ना. तुले हात हायेत."

"मले कुठं येते काका."

"शीक मंग," बाबा म्हणाले. "माह्या बापालेही शिकाच लागलं होतं. आईच्या पोटातून वाजवत नव्हता आला तो."

गिटारवाला माझ्याकडे बघून ओशाळं हसला, जणू मी त्याच्या बाजूने काही बोलणार होतो. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "उचल ते." त्याने उचललं. जाताना दारात थांबून तो बाबांना म्हणाला, "काका, मी तं मान देऊन राह्यलो होतो. या कलेले कोणी मान देत नाही म्हणून."

"चहा पिऊन जाय," बाबा म्हणाले. "पण ते भाईर ठेव."

तो थांबला नाही. मी त्याच्याशी काही दिवस बोललो नाही. मग त्याचा फोन आला, चुकलं म्हणाला, बाबांचीही माफी मागितली, आणि मी पुन्हा रविवारी गोदामात गेलो. मित्र चुकतात, एवढंच मी त्याचं केलं.

अल्बम निघाला. परदेशातल्या एका लहानशा कंपनीने तो काढला. इंटरनेटवर, आणि जुन्या रेकॉर्डसारख्या थोड्याशा काळ्या तबकड्यांवर. तबकड्यांचं पार्सल बासवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन थेट तिकडे गेलो. वर नांगरलेल्या वावराचा फोटो, उन्हाळ्यातला, लांब एकच पळस. सुंदर होता. आतल्या पाकिटावर इंग्रजीत मजकूर. मी दुकानाच्या काउंटरला टेकून वाचायला लागलो.

त्यात लिहिलं होतं की या वाद्यवृंदाचा ड्रमर मृतांसाठी वाजवणाऱ्या प्राचीन घराण्याचा वारस आहे. त्याच्या आजोबांनी आपलं डफडं अग्नीला अर्पण केलं होतं. तीन पिढ्यांच्या मौनानंतर ते शेवटच्या गाण्यात पुन्हा बोलतं. आणि खाली, कोणी काय वाजवलं त्या ओळींत, माझ्यापुढे: ड्रम, आणि पूर्वजांचं डफडं.

मी ते पुन्हा वाचलं. इंग्रजी आपल्याला नीट कळलं नसेल असं एकदा वाटून गेलं.

"हे तुले माहीत होतं?" मी बासवाल्याला विचारलं.

तो कोणाचा तरी फोन उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "म्या म्हटलं होतं त्याले, इचारून घे म्हणून."

"मले नाही सांगितलं."

"मले वाटलं, तो सांगन."

तो चांगला माणूस होता. त्याने त्या काळात एवढंच केलं, मान खाली घातली.

मी तिथूनच रिठदला गेलो. सोयाबीन काढणीचे दिवस होते. वावरात मळणी चालू होती, सगळीकडे भुसा उडत होता. गिटारवाला रुमाल तोंडाला बांधून उभा होता. माझ्या हातातलं पाकीट पाहून त्याने रुमाल खाली ओढला आणि हसला. आम्ही गोदामाच्या सावलीला गेलो.

"पाह्यलं? कसं झालं?" तो म्हणाला. "तिकडचे लोक पागल होऊन राह्यले बे. तुह्या आज्याचं वाचून एकानं लिहिलं, मी रडलो म्हणून."

"यात डफडं कोठी हाये?"

"शेवटच्या गाण्यात."

"तो टॉम हाये. तुह्यासमोर वाजवला म्या."

"त्याइले काय माहीत? ऐकाले तसंच वाटते." मग त्याने माझा चेहरा पाहिला. "अरे, काही वाईट लिहिलं का त्यात? तुह्या आज्याले हिरो केलं म्या."

"त्यानं अर्पण नव्हतं केलं. जाळलं होतं."

"तेच ना."

"तेच नाही." माझा आवाज चढला असावा, मळणीवरची माणसं वळून बघायला लागली. "तुह्याबद्दल काय लिहिलं तू? वाच. गिटार, गायन, रचना. बस. तुह्या आज्याचं काहून नाही लिहिलं? तो मेला तवा कोणी वाजवलं ते लिह्य. वाजवणारा दारात किती वेळ उभा होता ते लिह्य."

"माह्या आज्यानं कोणाचं वाईट नाही केलं कधी."

"म्या कोठी म्हटलं वाईट केलं? म्या म्हटलं, लिह्य. तू नुसता माणूस हायेस त्या कागदावर. मी घराणं हावो."

तो एक पाऊल जवळ आला. मग खालच्या आवाजात, खरोखर दुखावून म्हणाला, "आपण कधी जातपात केली का बे? खरं सांग. माही माय तुले चहा पाठवत होती दर रविवारी."

"गोदामात," मी म्हटलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याने घराच्या दिशेने पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे की गोदामापासून ते किती लांब आहे. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल. कोणीतरी त्याला मळणीयंत्राकडून हाक मारली. तो म्हणाला, "तू लय मनाले लावून घेतलं. पुढच्या छपाईत बदलतो." आणि रुमाल वर ओढून गेला.

पुढची छपाई झाली. मजकूर तोच. इंटरनेटवर तर बदलायला काहीच लागत नव्हतं, तिथेही तोच. मी फोन केला की तो म्हणायचा, कंपनीला लिहिलं आहे. नंतर नंतर तो फोन उचलेनासा झाला. बंगलोरला मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा बासवाल्याने मला कळवलं. पोस्टर पाठवलं. पोस्टरवर मृतांच्या वाद्याबद्दलचं तेच वाक्य. मी म्हटलं, मी येत नाही. त्यांनी पुण्याचा एक पोरगा घेतला. त्याने माझे सगळे ठोके ऐकून ऐकून बसवले होते, व्हिडिओत पाहिलं मी, चांगला वाजवतो. शेवटच्या गाण्याला तो ड्रमवरून उठून, उघड्या अंगाने, गळ्यात डफडं अडकवून स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. त्याला आपण काय करतो आहोत याची काही कल्पना नसावी. त्याच्यावर माझा राग नाही.

बाबांना मी सांगणार नव्हतो. पण तबकडी घरात होती, आणि त्यांनी ती कपाटातून काढून घरी आलेल्या एका पाहुण्याला अभिमानाने दाखवली. पाहुणा शिकलेला, त्याने आतलं पाकीट काढून वाचलं आणि घाईने परत आत घातलं. तो गेल्यावर बाबांनी मला बोलावलं.

"काय लिहिलं हाये त्यात आपल्याबद्दल? मराठीत सांग."

मी सांगितलं. गाळून सांगावं असं वाटलं, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्या नजरेपुढे मला खोटं जमत नाही. मी ओळीने सांगत गेलो. आई हातातलं काम सोडून येऊन बसली.

त्यांनी पाकीट तबकडीवर सरळ करून बसवलं. मग विचारलं, "हे सारं त्याले तू सांगितलं होतं?"

"हो. मित्र होता."

"मित्रालेच सांगते माणूस," ते म्हणाले. "अजून कोणाले सांगन?"

त्यांनी तबकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता लाव. घरात तबकडी वाजवायचं यंत्र नव्हतंच, मी फोनवर लावलं, स्पीकर जोडून. त्यांनी सगळा अल्बम ऐकला. ओरडणं त्यांना सहन होत नव्हतं, दर वेळी कपाळाला आठी पडायची, तरी उठले नाहीत. मयतीच्या गाण्याची सुरुवात आली. मी सांगायला तोंड उघडलं की बाबा, हे तुमच्या खांबावर चढण्याचं आहे. पण त्यांनी हाताने थांबवलं. ठोके संपून गिटार आली तेव्हा ते म्हणाले, "एवढं चांगलं वाजवलं तू. अन् नाव त्या जळलेल्याचं लागलं."

मग ते अंगणात गेले आणि नळाखाली हातपाय धुतले. आई म्हणाली, "जेवून घ्या." ते म्हणाले, भूक नाही.

आता बाबा निवृत्त आहेत. गिटारवाल्याची आई वारली तेव्हा ते रिठदला मातीला जाऊन आले, मला न विचारता. तिथे बँडपार्टी होती म्हणाले, वाशीमहून मागवलेली, गणवेशातली. गिटारवाला त्यांच्या पाया पडला म्हणे. मी विचारलं, काही बोलला का? बाबा म्हणाले, "अशा वेळी काय बोलन तो?" मी गेलो नव्हतो. त्या बाईने पाठवलेला चहा मला आठवत होता, आणि ओसरीही आठवत होती, आणि दोन्ही बरोबर घेऊन जाता येईना.

आमच्या वस्तीतल्या पोरांनी जयंतीच्या गायनपार्टीत मला ड्रमवर बसवलं. मी दोन वर्षं वाजवलं. गाणारा म्हणायचा, दादा, जरा हळू, शब्द ऐकू येत नाहीत. त्याचं बरोबर होतं. तिथे शब्द ऐकायलाच लोक येतात. तिसऱ्या वर्षी त्यांनी की-बोर्डवरचा ताल लावून घेतला आणि मला सांगायला कोणी आलं नाही, माझं मीच समजून घेतलं. शेडमध्ये सेट आहे. मनात असलं की वाजवतो. पूर्वीइतकं मनात येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मालेगावच्या स्टँडवर वाशीमच्या बसची वाट बघत होतो. कॉलेजची दोन पोरं बराच वेळ माझ्याकडे बघून आपसांत कुजबुजत होती. शेवटी एक पुढे आला. काळा टीशर्ट, खांद्याला बॅग.

"दादा, तुमी तेच ना? त्या अल्बमवर डफडं वाजवणारे?"

आपल्या भागात हा अल्बम ऐकणारी पोरं आहेत, हे ऐकून पहिल्यांदा मला आनंदच झाला. तेवढा एक क्षण.

"ड्रम वाजवले म्या," मी म्हटलं. "डफडं नाही त्यात."

"शेवटच्या गाण्यात हाये ना. तुमच्या आजोबांचं."

"तो फ्लोअर टॉम हाये. सैल करून वाजवलेला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्याचा चेहरा पडला, काहीतरी हातातून निसटल्यासारखा. दुसरा हसला आणि म्हणाला, दादा मजाक करून राह्यले. मग त्याने विचारलं, एक फोटो काढू का? मी हो म्हटलं. ते माझ्या दोन बाजूंना उभे राहिले, एकाने हात लांब करून फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या त्याच्याखाली काहीतरी टाइप करायला लागला. बस आली. मी खिडकीजवळ जागा धरून बसलो. त्याने काय लिहिलं ते मी विचारलं नाही.